चौदा उभा

“मगर खवळली, पाणीही असंच झालं. अक्षरं तीन,” मी मोठ्यानं वाचलं.

“पूर,” रंगराव म्हणाले.

“अक्षरं तीन, मालक.”

“मग महापूर.”

“ती चार झाली.”

“सांगलीत मगर आणि पाणी म्हटल्यावर पूरच येणार की हो. दुसरं काय येतंय?”

“मगर खवळली म्हणजे ‘मगर’ या शब्दातली अक्षरं खवळली. उलटीपालटी झाली. म, ग, र. जागा बदला.”

रंगरावांनी बोटांवर मोजत अक्षरं फिरवली. “रगम... गमर...” आणि एकदम टेबलावर थाप मारली. “गरम! पाणी गरम! आयला, काय डोकं हाय ह्या म्हाताऱ्याचं!”

त्यांच्या थापेनं कपाटामागची पाल बाहेर आली आणि प्रेसमधली सगळी माणसं तिच्याकडे बघायला लागली. इक्बालभाईंनी फडकं झटकून तिला पुन्हा आत घातलं. ती पाल आमच्याकडे माझ्या आधीपासून नोकरीला होती असं ते म्हणत.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीआधीची. रंगराव चौगुल्यांच्या प्रेसमध्ये मी मुद्रितं तपासायची. वर्षभर लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, हळदीच्या पोत्यांची लेबलं, आणि दिवाळीला आमचा स्वतःचा अंक. अंकात कथा असत, कविता असत, पण लोक तो शेवटच्या दोन पानांसाठी घेत. त्या पानांवर अण्णांचं शब्दकोडं आणि त्याची उत्तरं असत.

अण्णा म्हणजे आदगोंडा मगदूम. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते, तिथून निवृत्त झालेले. कोड्याखाली नाव घालत ‘खडीसाखर’. आता साधं कोडं तुम्हाला माहीत आहे. ‘एक फळ, दोन अक्षरं’, की लिहा आंबा. अण्णांचं तसं नव्हतं. त्यांच्या सूत्रात, म्हणजे शब्द ओळखायला दिलेल्या ओळीत, एक भाग शब्दाचा अर्थ सांगायचा, दुसरा भाग तो शब्द कशापासून बनलाय ते सांगायचा, आणि दोन्ही भाग मिळून अशी काही सफाईदार थाप मारायचे की वाचणारा भलत्याच गावाला जायचा. उत्तर हाती लागलं तरी अण्णांचं समाधान होत नसे. “फोड सांग,” म्हणायचे. म्हणजे उत्तर कसं निघालं ते पायरीपायरीनं सांग. फोड सांगता आली नाही तर उत्तर खोडायचं, मग ते शंभर टक्के बरोबर का असेना. आणि फोड बरोबर आली तर खिशातून चपटा पत्र्याचा डबा काढून हातावर खडीसाखरेचा एक खडा ठेवायचे. माझे दात त्यांच्यामुळेच किडले.

त्यांची आणखी एक रीत होती. कोडं आधी द्यायचे, उत्तरं मात्र कागदावर कधीच उतरवायची नाहीत. शेवटचं पान मशीनवर चढायच्या दिवशी स्वतः यायचे, माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढायचे, आणि एकेक उत्तर फोडीसकट सांगायचे. मी लिहून घ्यायची. “उत्तर लिहून ठेवलं की शिळं होतं, शिर्केबाई,” असं म्हणायचे. रंगराव दर वर्षी ओरडायचे, की अण्णा, एखादी प्रत ठेवा, माणसाचा काय भरवसा. अण्णा दर वर्षी हसायचे.

त्या वर्षी शेवटचं पान चढायच्या दिवशी दुपारी मिरजेच्या दवाखान्यातून त्यांच्या मुलाचा फोन आला. पहाटे अण्णांच्या पोटात भयंकर दुखलं. आतड्याला पीळ पडलाय, ऑपरेशनला घेणार आहेत. उत्तरं अण्णांच्या डोक्यात, आणि अण्णा भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या ताब्यात.

रंगरावांनी फोन ठेवला आणि खुर्चीत टेकले. अण्णा त्यांच्या वडिलांचे मित्र. मग उठून कपाटातून एक तयार पान काढलं. कुणा ज्योतिष्यानं पाठवलेलं वर्षाचं राशिभविष्य.

“हे लावायचं. कोडं काढा,” ते म्हणाले.

“मालक!”

“उत्तरं नाहीत तर कोडं कसं छापायचं? आणि त्यात काय चूक असली तर? तीस वर्षांत त्या माणसाची एक चूक निघालेली नाही. तो दवाखान्यात पडलेला असताना आपण त्याचं नाव घालवायचं काय?”

“मी सोडवते.”

“सगळं?”

“सगळं. फोडीसकट.”

“संध्याकाळी पाचला छपाईची प्लेट मशीनवर नाही चढली तर बाइंडर दुसऱ्याचं काम घेईल. आणि बाई, एक सांगतो. या वर्षी पान काढलं तर ते परत यायचं नाही. अण्णा आता पुन्हा कोडं रचायच्या अवस्थेत असतील का, देवाला ठाऊक. म्हणजे हे शेवटचं. तेव्हा बघा काय ते.”

हे ऐकल्यावर मला जो चेव आला तो सांगता येत नाही. नऊ वर्षं मी अण्णांच्या शेजारी बसून फोडी लिहिल्या होत्या. एकेक सूत्र आधी सोडवून त्यांच्यापुढे मिरवलं होतं. पण आख्खं कोडं, त्यांच्याशिवाय, कधीच नाही. मी पदर खोचला, चौकट टेबलावर पसरली आणि पेन्सिल सोडून शाईचा पेन उचलला. माझा स्वभावच तसा आहे. घाबरले की मी जास्त आवाज करते.

“इक्बालभाई, मशीन बंद करा आणि इकडे या. ‘नाच कलीचा, पोटात फराळ.’ तीन अक्षरं.”

“कलीचा नाच म्हणजे भांडणं, मारामारी,” इक्बालभाई म्हणाले. ते प्लेट बनवायचे, आणि कोड्याच्या नावानं नेहमी लांब पळायचे. “आमच्या घरात रोजच आहे. पण फराळ कुठं असतोय त्यात?”

“पोटात. शब्दांच्या पोटात बघा. ‘नाच कलीचा’ हे सलग वाचा. पहिलं आणि शेवटचं अक्षर झाका.”

इक्बालभाईंनी दोन बोटांनी दोन टोकं झाकली आणि बघत राहिले. “च, क, ली... या अल्ला! चकली!”

“लिहा.”

“हे एवढं सोपं असतंय होय?”

“सापडल्यावर सगळं सोपं असतं.”

मग जे सुरू झालं ते काही विचारू नका. रंगराव खुर्ची उलटी करून बसले. इक्बालभाई शाईचे हात मागे बांधून माझ्या खांद्यावरून वाचायला लागले. ‘परंतु ती आली आणि अंगणात उजेड पडला.’ परंतु म्हणजे पण, पुढे ती: पणती. ‘दोन्हीकडून वाचा, चहा असाच लागतो.’ हे इक्बालभाईंनी वाचताक्षणीच सांगितलं, “कडक!” आणि मग स्वतःच उलट वाचून बघितलं आणि लहान पोरासारखे हसले. ‘गाडीला जेवण घातलं, तिथे ऊस आला.’ रंगराव ओरडले, “कार! खाना! कारखाना! म्हाताऱ्यानं आपली नोकरी घातलीय बघा!” ‘हरीचं डोकं, दळ उलटं, सांगलीचं सोनं.’ हरीचं पहिलं अक्षर ह, दळ उलटं केलं की ळद. हळद. हे मी सोडवलं आणि सवयीनं डावा हात शेजारच्या खुर्चीपुढे धरला. खुर्ची रिकामी होती. रंगरावांनी ते पाहिलं आणि पुढचं सूत्र मोठ्यानं वाचलं.

फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा आम्ही तिघं एकदम उठलो. एकदा लग्नपत्रिकेवाला होता, एकदा चुकीचा नंबर.

चारच्या सुमाराला चौकट भरत आली होती. प्रत्येक उत्तरासमोर मी फोड लिहिली होती, अण्णा सांगत तशीच, एका ओळीत. उरला एकच शब्द. सतरा आडवा.

‘चांगल्याच्या मागे कपाळ फिरलं, पुढच्या दिवाळीला हिलाच विचारा.’ अक्षरं तीन.

“कपाळ फिरलं म्हणजे नशीब फिरलं. चांगल्या माणसाच्या मागे साडेसाती लागली,” रंगराव म्हणाले.

“ती थाप आहे, मालक. फिरलं म्हणजे उलटं झालं. कपाळ उलटं.”

“ळपाक.”

“ळपाक असा शब्द नाही.”

“मग कपाळासाठी दुसरा शब्द. निढळ. ललाट.”

“मधलं अक्षर त आहे,” मी म्हटलं. “काहीतरी, त, काहीतरी.”

त पक्का होता. तो चौदा उभ्या शब्दातून आला होता, आणि चौदा उभा मी सगळ्यात आधी सोडवलेल्यांपैकी. ‘निपात करून आत दडवलेलं पाप.’ निपात करून, याच्या आत बघा: पा, त, क. पातक म्हणजे पाप. इतकी स्वच्छ फोड अख्ख्या कोड्यात दुसरी नव्हती. वरच्या आडव्या शब्दाचा पा जुळत होता, खाली ‘कडक’चा क जुळत होता. मधला त सतरा आडव्यात उतरत होता.

“हिला म्हणजे बाई,” इक्बालभाई म्हणाले. “पुढच्या दिवाळीला विचारायची बाई. कोण? लक्ष्मी?”

“लक्ष्मीला दर दिवाळीला विचारतात. पुढच्याच का?”

“सीता? गीता?”

“दोन अक्षरं झाली.”

“सुताई?”

“ही कोण?”

“असंल कुणीतरी.”

मी कपाळ, भाळ, माथा, सगळे शब्द उलटे करून पाहिले, पण त काही त्यात बसेना. रंगराव घड्याळाकडे बघेनासे झाले. ते घड्याळाकडे बघत असले तर अजून आशा असते, बघायचे थांबले की त्यांनी मनाशी ठरवलेलं असतं. त्यांनी राशिभविष्याचं पान पुन्हा हातात घेतलं.

“एक शब्द मोकळा ठेवून छापू,” इक्बालभाई म्हणाले.

“अण्णांचं कोडं मोकळा चौकोन ठेवून?” मी त्यांच्यावर ओरडले. “त्यापेक्षा काढा ते पान!”

माझे डोळे भरून आले होते आणि मला स्वतःचाच राग येत होता. नऊ वर्षं शेजारी बसून हे शिकले का मी? त्यांच्या माघारी एक शब्द सुटू नये?

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. नऊवारीतल्या एक ठेंगण्या बाई उतरल्या, पायऱ्या चढून आल्या. रंगराव धडपडत उठले.

“पद्माकाकू? तुम्ही इथं? अण्णा कसे आहेत?”

“आत नेलंय,” काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, म्हणाल्या. त्या धापा टाकत होत्या. “पोरगा बसलाय तिथं. मला म्हणाले, तू बाहेर बसून काय आपरेशन करणार हैस? जा, प्रेसमध्ये डबा देऊन ये. म्हटलं, डोकं फिरलं का काय तुमचं? तर म्हणाले, आज फोडीचा दिवस आहे. डबा नाही गेला तर मी भूलच घेणार नाही. डॉक्टर हसायला लागले. काय करू? आले.”

त्यांनी ओटीतून तो चपटा पत्र्याचा डबा काढला आणि आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग माझ्यापाशी येऊन तो माझ्या हातात ठेवला.

“तू सुलभा काय गं?”

मी होय म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

प्रेसमध्ये मला कुणी सुलभा म्हणत नाही. मी शिर्केबाई. अण्णासुद्धा चारचौघांत शिर्केबाईच म्हणत. माझं नाव माझ्या माहेरी आणि रेशनकार्डावर. आणि आता ते असं बाहेरून, एका अनोळखी बाईच्या तोंडून कानावर आलं, आणि मला ते नाव ऐकू आलंच नाही. मला अक्षरं ऐकू आली. सु. ल. भा.

“काकू, तुम्ही मला... अण्णा घरी मला काय म्हणतात?”

“सुलभाच म्हणतात. सुलभानं हे सोडवलं, सुलभानं ते सोडवलं. रोजचं आहे घरात. का गं? नाव चुकलं का?”

मी टेबलाकडे धावले. भाल! भाल म्हणजे कपाळ. मी भाळ उलटं केलं होतं, भाल केलंच नव्हतं. भाल उलटं: लभा. चांगल्याच्या मागे, म्हणजे ‘सु’च्या मागे. सु आणि लभा.

फोड अगदी चोख बसली होती. आणि मधलं अक्षर ल. चौकटीत होता त, माझ्याच हातानं, शाईनं लिहिलेला.

“काय झालं?” रंगराव म्हणाले.

“काही नाही. बसत नाही.”

“काय बसत नाही?”

माझ्या तोंडून नाव निघेना. स्वतःचं नाव अण्णांच्या कोड्यात शोधणारी मी कोण? ‘पुढच्या दिवाळीला हिलाच विचारा.’ लोक म्हणतील, बाईला वेड लागलं, जिकडे तिकडे आपलंच नाव दिसतंय. आणि पातक तर पक्कं होतं. अण्णा चुकत नाहीत. म्हणजे मीच चुकले.

“पाणी दे गं जरा,” काकू खुर्चीत टेकत म्हणाल्या. ती अण्णांची खुर्ची होती. “या कोड्यापायीच झालं सगळं. चार दिवस पोट दुखतंय म्हणून सांगत नव्हते. हे इकडं पाठवायच्या आदल्या रात्री एका हातानं पोट दाबून धरलेलं आणि दुसऱ्या हातात रबर. खोडतायत आपलं खोडतायत. म्हटलं, झालंय ना लिहून? झोपा. तर म्हणाले, एवढा कोपरा बदलतो. एकीला जागा करायची राहिलीय. मग कळ आली तसा कागद तिथंच सोडून आडवे झाले. सकाळी मीच पाकिटात घालून पाठवलं.”

“काकू,” मी म्हटलं, “पुन्हा सांगा.”

“काय?”

“कागद तिथंच सोडला?”

“होय की. उठवलं तर उठले नाहीत.”

मी चौदा उभ्याकडे बघितलं आणि मला सगळं एकदम दिसलं. सतरा आडव्यात आधी दुसराच कुठला तरी शब्द होता, मध्ये त असलेला. तो अण्णांनी काढला आणि तिथे मला बसवलं. आडवा शब्द बदलला की त्याला छेदणारा उभाही बदलावा लागतो. पातकमधला त गेला, ल आला. पा, ल, क. पालक. डोक्यात त्यांनी तो बदलला होता, सतरा आडव्याचं नवं सूत्रही लिहून झालं होतं. राहिलं होतं फक्त चौदा उभ्याचं सूत्र. तेवढ्यात कळ आली. उत्तर नवं आणि सूत्र जुनं! जो माणूस उत्तरं कागदावर उतरवत नाही, त्याचीच ही अशी चूक होऊ शकते. पडताळून बघायला त्याच्याकडे काहीच नसतं.

“मालक, चूक आहे,” मी म्हटलं. “चौदा उभा चुकलाय. अण्णांकडून.”

रंगराव माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी देव्हाऱ्याला लाथ मारली असावी. “तीस वर्षांत...”

“तीस वर्षांत पोटाला पीळ पडलेला असताना त्यांनी कोडं रचलं नव्हतं!”

“आणि सतरा आडवा काय मग?”

मी मान खाली घातली. “सुलभा.”

“कोण सुलभा?”

“मी.”

“तुमचं नाव सुलभा आहे?”

“नऊ वर्षं झाली, मालक.”

इक्बालभाई फिसकन हसले. रंगराव हसले नाहीत. त्यांनी राशिभविष्य खाली ठेवलं, चौकट स्वतःकडे ओढली आणि म्हणाले, “फोड सांगा.”

मी सांगितली. चांगल्याचा सु. कपाळ म्हणजे भाल, ते फिरलं की लभा. पुढचा भाग मला वाचवेना. तो रंगरावांनीच वाचला, हळू, एकेक शब्द सुटा करून. “पुढच्या दिवाळीला, हिलाच विचारा.” मग ते काकूंकडे वळले, पुन्हा माझ्याकडे वळले.

“बाई, अण्णांनी आपली खुर्ची तुम्हाला दिली.”

काकूंना यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. त्या आपल्या पाणी पीत होत्या. मला मात्र एकाच वेळी ओरडावंसं आणि टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटत होतं.

“रडायचं ते पाचनंतर,” रंगराव म्हणाले. “पालकाला सूत्र नाही. ते कोण लिहिणार?”

“अण्णा शुद्धीवर आले की...”

“पाच वाजायला आलेत! तुम्ही लिहा.”

“मी? मी सोडवते, मालक. रचत नाही.”

“मग हे नाव खोडू? त्याच्या जागी दुसरी सुलभा बघू?”

लोकांना वाटतं, सोडवता येतं त्याला रचता येतं. नाही येत. जेवणाऱ्याला कुठं स्वयंपाक येतो? मी कागद घेतला. पालक. भाजी. मुलांचे आईबाप. पा आणि लक. पाल आणि क. मेंदू गच्च झाला. इक्बालभाई प्लेटपाशी जाऊन उभे राहिले, परत आले, परत गेले. रंगराव पुन्हा घड्याळाकडे बघायला लागले.

“अगं बाई!” काकू किंचाळल्या आणि पाय वर घेऊन खुर्चीत बसल्या. “पाल!”

कपाटाच्या दाराच्या फटीतून आमची ती जुनी नोकरदार बाहेर डोकावत होती. इक्बालभाई फडकं घेऊन धावले.

“थांबा! हात लावू नका तिला!” मी ओरडले.

सगळे जागच्या जागी थांबले. पालसुद्धा थांबली. मी तिच्याकडे बघत, एकही शब्द न खोडता, लिहून काढलं आणि मोठ्यानं वाचलं.

“‘पाल कपाटाच्या तोंडाशी आली; आता शाळेत यांना बोलवा.’ अक्षरं तीन.”

इक्बालभाईंचे ओठ हलायला लागले. “पाल... कपाटाचं तोंड, म्हणजे पहिलं अक्षर... क. पालक! शाळेत पालकांना बोलवतात! माझ्या पोराच्या शाळेनं मला तर दर महिन्याला बोलावलंय!”

“प्लेट करा!” रंगराव गरजले.

नव्या ओळीची पट्टी काढून इक्बालभाईंनी ती जुन्या ओळीवर ब्लेडनं सरळ करत चिकटवली. मशीनचा पहिला कागद बाहेर पडला तेव्हा रंगरावांनी तो झेंड्यासारखा धरून प्रेसभर फिरवला. मी काकूंना घट्ट मिठी मारली. त्या बिचाऱ्या म्हणत होत्या, “अगं, पण मी काय केलं?” आणि त्याच गडबडीत फोन वाजला. रंगरावांनी उचलला, ऐकलं, आणि फोनवर हात न ठेवताच ओरडले, “काकू, पीळ सुटला! शुद्धीवर येतायत!”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग मात्र मीही रडून घेतलं. पाच वाजून गेलेच होते.

अंक बांधून आल्यावर मी मिरजेला गेले. अण्णा उशीला टेकून बसले होते, निम्मे झाले होते, पण चष्मा नाकावर होता. मी अंक दिला. त्यांनी कथा, कविता काही न बघता शेवटचं पान उघडलं आणि बोट फिरवत एकेक सूत्र वाचायला लागले. सतरा आडव्यावर बोट क्षणभर थांबलं, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेले. मग उभे शब्द. चौदावर बोट आलं आणि तिथंच राहिलं.

“हे माझं नव्हे,” ते म्हणाले.

“नाही.”

“माझं पातक कुठं गेलं?”

“त्याचा निपात केला, अण्णा.”

ते हसले नाहीत. त्यांच्या लक्षात आलं असावं, रात्र, रबर, कळ, सगळं. चेहरा एकदम म्हातारा झाला.

“म्हणजे चुकलं होतं माझं. असंच छापून गेलं असतं तर?”

“गेलं नाही.”

“तू बदललंस?”

“होय. तुम्हाला न विचारता. तुम्ही भूल घेऊन पडला होता.” मला एकाएकी त्यांची भीती वाटायला लागली होती. “चुकलं असेल तर सांगा. पुढच्या अंकात...”

“गप बस जरा. सोडवू दे.”

त्यांनी ओठ हलवत सूत्र वाचलं, एकदा, दोनदा. पांघरुणावर बोटानं अक्षरं काढली. काकू मोसंबीचा रस घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. नऊ वर्षं ही बाजू मी बघितलीच नव्हती. सूत्र आपलं आणि समोरचा माणूस त्याच्याशी झुंजतोय. अण्णांना दर वर्षी असंच होत होतं का?

“पाल,” अण्णा म्हणाले. “कपाटाचं तोंड क. पालक. शाळेत बोलावतात ते.” आणि त्यांचा चेहरा उजळला. “जरा सोपं आहे. पण थाप झकास आहे. पुढच्या दिवाळीला थोडं अवघड काढ. मला सोडवायला बसायचंय.”

मग माझ्या लक्षात आलं, की अण्णांनी सुईच्या खुणा असलेला आपला हात पालथ्याचा उताणा करून माझ्यापुढे धरलाय.

मी गोंधळून काकूंकडे बघितलं.

“माझ्याकडं काय बघतेस?” काकू म्हणाल्या. “डबा तुझ्यापाशी आहे की.”

खरंच होता, माझ्या पिशवीत. मी तो काढला आणि झाकण उघडलं.

“साखर चालेल का इतक्यात त्यांना? डॉक्टर ओरडतील,” काकू म्हणाल्या.

“फोड बरोबर सांगितलीय मी,” अण्णा म्हणाले. “हक्काचा आहे.”

मी डब्यातला त्यातल्या त्यात मोठा खडा शोधला आणि त्यांच्या हातावर ठेवला.